मापावरची रेघ

दहा रुपयांचं तेल म्हणजे नेमके किती ग्रॅम, हे आमच्या मोहल्ल्यात दोघांनाच माहीत आहे. एक मावशीला, कारण ती ते विकते. दुसरं मला, कारण मी ते काट्यावर तोललं आणि मावशीच्या मापावर खिळ्याने रेघ ओढून दिली. ती रेघ अजून तिथेच आहे. ती कशी आली ते लिहून ठेवावं, असं गेल्या बुधवारपासून वाटतं आहे.

मी आसगावचा. पवनीच्या एका शाळेत लिपिक आहे. सकाळी मोटरसायकलने जातो, संध्याकाळी परततो. हिशोब जुळला नाही तर मला जेवण जात नाही, असं घरचे थट्टेने सांगतात, पण ते खरं आहे. मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. सगळा मोहल्लाच तिला मावशी म्हणतो. साठीच्या पुढची, एकटी राहते, मुलगी लाखांदूरला दिलेली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं किराणा दुकान आहे. गुडघे गेलेले, म्हणून बसल्या जागेवरून हाताला येईल असाच ती माल लावते.

त्या दुकानाला दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं. आम्ही पगारवाली अकरा घरं: तीन-चार शिक्षक, एसटीतले एक कंडक्टर, दवाखान्यातल्या एक नर्सबाई, असे. आम्ही महिन्याचं सामान एकदम नेणारे. बाकी चाळीसेक घरं रोजमजुरीची, काही तलावावर मासे धरणाऱ्यांची. त्यांची खरेदी संध्याकाळी, हातात पैसे आल्यावर. दहाचं तेल, पाचची चहापत्ती, पावभर साखर. तेलासाठी मावशीकडे स्टीलचं एक लहानसं माप आहे. पिप्यातलं तेल त्यात काठोकाठ भरायचं आणि गिऱ्हाइकाच्या बाटलीत ओतायचं, ते दहाचं. भाव चार-पाच रुपयांनी हलला तरी माप काठोकाठच. कमी-जास्त ती स्वतः सोसायची.

गेल्या वर्षी जयंतीच्या जेवणाचं सामान आणायला विहाराच्या मंडळाने मला पवनीच्या ठोक दुकानात पाठवलं. त्याआधी मी कधी ठोक दुकानाची पायरी चढलो नव्हतो. छतापर्यंत साखर-डाळीचे कट्टे, एका बाजूला तेलाचे पिपे, साबणाच्या पेट्या, आणि मधल्या वाटेत एक तराजू, ज्यावर किलो-दोन किलोचं काही ठेवलेलं मी पाहिलं नाही. हातात बिल आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. साखर एक्केचाळीस रुपये किलो पडली होती. मावशीकडे पंचेचाळीस. तेल एकशे चाळीस, मावशीकडे दीडशे. तुरीच्या डाळीत तर किलोमागे तेरा रुपयांचा फरक.

"आम्हाला घरासाठी याच भावात मिळेल?" मी शेठना विचारलं.

"आपण मानूस नाही पाहत, बाबूजी," शेठ म्हणाले. "कट्टा फोडत नाही, बस. पूरा कट्टा उचला, भाव तोच."

मी घरी येईपर्यंत आकडे तयार होते. आमच्या चार माणसांना महिन्याला तीन किलो तेल लागतं, त्यात तीस रुपये वाचतात. पाच किलो साखरेत वीस. चार किलो डाळीत बावन्न. साबण, कपड्याची पावडर, चहा मिळून चौऱ्याऐंशी. एकूण एकशे श्याऐंशी. पवनीहून मालाच्या ऑटोचं भाडं घरटी चाळीस धरलं, तरी एकशे सेहेचाळीस रुपये उरतात. हे मी विहारात अकराही घरांना समजावून सांगितलं. कोणी शंका काढली नाही. माझ्या आकड्यांवर सहसा कोणी शंका काढत नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी विहाराच्या व्हरांड्यात आमची वाटणी सुरू झाली. मी आधी रिकामा कट्टा तोलायचो, मग भरलेला. साखर वाटताना प्रत्येक वेळी शे-दीडशे ग्रॅम कुठेतरी जायची. ती तूट मी माझ्या वाट्यातून कापून घ्यायचो. नर्सबाई हसायच्या.

"बाबू, ते पाहा, मुंगी एक दाना घेऊन चालली. तिचं बी लिवा."

तो ऑटो मावशीच्या दुकानासमोरूनच यायचा. पहिल्या महिन्यात मावशीने दारात बसून तो पाहिला. कट्ट्यावरची खूण तिला ओळखीची होती, कारण तिचाही माल त्याच शेठकडून यायचा. मला वाटलं, ती काही बोलेल. तिने एवढंच विचारलं, "शेठ बरा हाये का?"

"बरे आहेत," मी म्हणालो आणि ऑटोमागे निघालो.

जुलैत, धानाची रोवणी ऐन भरात असताना, एका रविवारी मावशी आमच्या घरी आली. दोन घरांचं अंतर, पण भिंतीला हात टेकत टेकत आली. ओच्यातून तिने ते माप काढलं.

"बाबू, तू शिकलेला मानूस. दहाचं तेल किती द्याचं ते मले काढून दे. आता एकशे बासष्टनं इकलं तवाच पुरते."

काम माझ्या आवडीचं होतं. मी विहारातला काटा आणला, माप रिकामं तोललं, मग घरचं तेल ओतून तोललं. काठोकाठ भरलं की साडेसहासष्टच्या आसपास भरत होतं. एकशे बासष्टच्या भावाने दहा रुपयांना एकसष्ट पूर्णांक सात ग्रॅम येतं.

"ते सात राहू दे," मावशी म्हणाली. "बासष्ट कर. गरिबाचं हाये."

मी बासष्ट ग्रॅम तेल मापात घेतलं, काठ पाहिला, तेल परत बाटलीत ओतलं आणि खिळ्याने आतून रेघ ओढली. काठापासून फार खाली नाही, धानाचा दाणा आडवा ठेवला तर जेवढी जाडी होईल तेवढीच खाली. मग पुन्हा तेल भरून दोनदा तपासली. रेघ बरोबर होती. मावशीने माप डोळ्यांजवळ धरून पाहिलं, चहा घेतला आणि गेली.

मला पवनीचा त्या आठवड्याचा भाव पाठ होता. पिपा एका रुपयानेही वाढलेला नव्हता. मग मावशीला तेल महाग का पडतं आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो मी विचारला नाही. एवढं अचूक काम झाल्याच्या समाधानात होतो.

आठवडाभराने घरातली काडेपेटी संपली म्हणून मी संध्याकाळी मावशीच्या दुकानात गेलो. मोठं सामान पवनीहून आणायचो, पण काडेपेटी, एखादा साबण, अचानक पाहुणा आला तर पावभर साखर, यासाठी मावशीच लागायची. पुढे रोवणीहून आलेल्या चार बाया उभ्या होत्या. पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. एकीची बाटली भरून झाली होती आणि ती बाटली उजेडाकडे धरून पाहत होती.

"मावशी, तेल काहून कमी दिसून रायलं वो?"

"तेल बरोबर हाये," मावशी म्हणाली. "तुहे दहा रुपये लहान झाले."

"असतील बाई. सकाळपासून माह्यासंगं चिखलात उभे होते, आकसले असतील."

बायका हसल्या. मावशीही हसली. मग दुसरीने बाटली पुढे केली, मावशीने माप भरलं आणि डोळा बारीक करून तेल रेघेवर थांबवलं. एक थेंब वर गेला तो तिने परत पिप्यात सोडला नाही, बाटलीतच टाकला. मी मागे उभा होतो. त्या बायांना रेघ कोणी ओढली ते माहीत नव्हतं.

त्या गेल्यावर मी विचारलं, "मावशी, तेल तुला महाग का पडतं? शेठचा भाव तर तोच आहे."

"शेठचा भाव शेठपाशी. माह्यापाशी गाडी कुठी येते आता?"

शेठचा छोटा हत्ती टेम्पो दर बुधवारी आमच्या मोहल्ल्यात यायचा. ड्रायव्हर कट्टे उतरवून, पिपा तिच्या हाताशी ठेवून जायचा. पण शेठचा नियम होता, एका दुकानाचा आठवड्याचा माल आठ हजारांचा असेल तरच गाडी गावात वळायची. मावशीची मागणी साडेनऊ हजारांच्या आसपास असायची. आमची अकरा घरं निघाली आणि ती पाच-साडेपाचवर आली. ड्रायव्हर ओळखीपोटी काही आठवडे आला, मग म्हणाला, "मावशी, शेठ रागावते." गुडघ्यांमुळे मावशीला एसटीने पवनीला जाऊन कट्टे आणणं शक्य नव्हतं. ती बसस्टँडवरच्या दुकानातून, त्यांच्या चिल्लर भावाने, पिपा उचलून आणवत होती. त्यावर आपले चार पैसे ठेवून विकत होती.

"तू सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमचे पैसे वाचून रायले होते." तिने काडेपेटी माझ्यापुढे सरकवली. "वर्षावास सरेपर्यंत पाहतो बाबू. गाडी नाही आली तं दुकान बंद करतो अन् पोरीकडं लाखांदूरले जातो. अशा भावानं विकाले मले बी बरं नाही वाटत."

घरी आलो आणि बराच वेळ गणित केलं. दहाच्या तेलात पाचेक ग्रॅम कमी, म्हणजे रोज घेणाऱ्या घराचं महिन्याला दीडशे ग्रॅम, साडेबावीस रुपयांचं. चाळीस घरांचे नऊशे. आणि आमच्या अकरा घरांची बचत एक हजार सहाशे सहा. फक्त तेलाचा हिशोब होता, साखर-चहा धरली नव्हती, तरी आकडा आमच्याकडे झुकलेला होता. मोहल्ला एकत्र धरला तर फायदाच दिसत होता. मला बेचैनी झाली ती याचीच. गणितात चूक सापडली असती तर ती सुधारून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शेठकडे गेलो. गाडी पुन्हा पाठवा म्हणालो. शेठ शांतपणे ऐकत होते.

"बाबूजी, आठ हजारच्या खाली डिझेल अन् ड्रायव्हरच निघत नाही. साखरेच्या एका कट्ट्यामागे मले पंचवीस रुपये सुटतात. पंचवीस! लोक म्हनतात, मधला मानूस भाव वाढवते. मी काय करतो? ट्रक येते, तो मी कट्ट्यात फोडतो. तुमची मावशी कट्टा पावभरात फोडते. ट्रकवाला काही त्या बाईच्या बाटलीत दहाचं तेल ओतून देनार नाही. फोडाले मजुरी लागते."

"आम्ही पण फोडतो की, रविवारी," मी म्हणालो.

"हो न. पन तुम्ही तुमच्या अकरा घरापुरतं फोडता." मग हसून म्हणाले, "अन् तुमची मजुरी कोन देते?"

माझ्या रविवारच्या चार तासांची किंमत मी कधी मांडली नव्हती. पण त्याचं मला विशेष वाटलं नाही. मला दुसरंच दिसत होतं. आमच्या महिन्याच्या सामानावर मावशी जे चार पैसे घ्यायची, ते मी तिचा नफा म्हणून मांडले होते. आमच्या सामानाचं वजन तिच्या मागणीत होतं म्हणून गाडी वळत होती, आणि गाडी वळत होती म्हणून चाळीस घरांना पिप्याच्या भावाजवळचं तेल दहा रुपयांत मिळत होतं. माझ्या कागदावर ऑटोचं भाडं होतं, तुटीची साखर होती. गाडी नव्हती.

विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, वाचन सुरू होतं. वाचन झाल्यावर मी अकराही घरांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. आकडेही सांगितले, आमच्या बाजूने झुकणारे सुद्धा. ते लपवले असते तर बरं झालं असतं, असं नंतर बायको म्हणाली.

कंडक्टरसाहेब म्हणाले, "म्हंजे माह्या खिशातले एकशे सेहेचाळीस काढून मी शेठच्या गाडीत डिझेल टाकू?"

"तसंच म्हणा," मी म्हणालो.

"अन् तूच म्हनते का सगळ्याचा मिळून फायदा होऊन रायला. मग बिघडलं कुठी?"

एक शिक्षक म्हणाले, "दान द्यायचं तर सरळ वर्गणी काढू. मावशीला महिन्याला हजार रुपये देऊ." दुसरे म्हणाले, मावशी घेणार नाही. सगळे एकदम बोलू लागले. शेवटी नर्सबाईंनी आवाज चढवला.

"मी ड्युटीहून सातले येतो. घरी दूध नासलं, साखर सरली, तं मी काय तवा पवनीले जाऊ? मावशी गेली तं तुमचे एकशे सेहेचाळीस घेऊन मी चाटत बसू का? माहं नाव लिवा."

त्यांच्यामागे पाच जणांनी हात वर केले. माझं धरून सात घरं झाली. चार घरांनी नाही म्हटलं, आणि त्यांना मी दोष देऊ शकलो नाही, कारण तो हिशोब मीच त्यांना शिकवला होता.

मी मावशीला सांगायला गेलो. सात घरांना किलोमागे दोन रुपये कमी लावावेत, असं सुचवलं. तिने ऐकूनच घेतलं नाही.

"तुमाले एक भाव अन् रोवणीच्या बाईले दुसरा, असं माह्या दुकानात नाही. याचं तं या." आणि मी तिच्यासाठी करून नेलेली मालाची यादी तिने हातात घेतली. "एवढं मीठ काहून? पावसाळ्यात पाझरते ते. मले पाचवाली चहापत्ती पाहिजे, शाम्पूच्या पुड्या पाहिजे. यादी मीच लिवतो. तू बेरीज पाहून दे."

बेरीज आठ हजार एकशे चाळीस झाली. बुधवारी अकराच्या सुमाराला गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा मी शाळेत होतो. बायकोने फोन करून सांगितलं. संध्याकाळी मावशीच्या दुकानात गेलो तर माप काठोकाठ भरलं जात होतं. रेघ तेलाखाली दिसत होती.

"रेघ घासून काढू का?" मी विचारलं.

"खिळ्याची हाये, निघत नाही. असू दे. गाडी आली का वरतं भरतो, नाही आली तं रेघेपर्यंत." मग म्हणाली, "तीन बुधवार गाडी आली नाही तं मी पोरीकडं जातो. हे बी सांगून ठेवतो."

तेव्हापासून वर्ष होत आलं. बेरीज दर आठवड्याला आठ हजारांच्या जेमतेम वरच असते, कधी शंभर वर, कधी तीस वर. दर मंगळवारी संध्याकाळी मावशी शेठला फोनवरून मागणी सांगते. कुठलं घर महिनाभर गावाला गेलं की मला आधी गाडीची काळजी वाटते. लग्नाची, सुट्ट्यांची मी मनात नोंद ठेवतो. हे मी कोणाला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात बायको तिच्या भावाकडे भंडाऱ्याला गेली होती. मंगळवारी संध्याकाळी परत आली ती तेलाचा मोठा कॅन घेऊन. भंडाऱ्यात एका मोठ्या दुकानात सूट होती.

"अजी, पाहा तं," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "सहाशे नव्वदले भेटला. मावशीच्या भावानं याचे साडेसातशे होतात. साठ रुपये वाचवले मी."

तिचा चेहरा मोठा आनंदी होता. पाच किलोचा जड कॅन तिने बसस्टँडपासून हातात धरून आणला होता. हातावर कडीचा वळ उमटला होता. एकेकाळी मी याच कामासाठी विहारात शाबासकी घेतली होती. मी कॅन आत ठेवला. लगेच मावशीकडे जाऊन सांगावं असं मनात आलं, पण शाळेचं काम घरी आणलं होतं, ते घेऊन बसलो.

बुधवारी परतताना मोहल्ल्याच्या वळणावर मी नेहमीप्रमाणे गाडीच्या चाकांचे ठसे पाहिले. नव्हते. मोटरसायकल घरी न नेता दुकानासमोरच लावली. एक बाई बाटली धरून उभी होती. मावशीने माप भरलं. तेल रेघेपर्यंत होतं.

बाई गेल्यावर मी विचारलं, "किती कमी पडले?"

"तीनशे दहा."

"आमच्या घरचं तेल नव्हतं यादीत."

"माहीत हाये मले. तुही बायको कालच सांगून गेली, स्वस्त भेटलं म्हनून. खुश होती बिचारी."

"मला फोन करायचा न, मावशी. तीनशे दहाचं काही तरी घेतलं असतं मी."

"काय घेतलं असतं? घरात मीठ भरलं असतं?" ती हसली नाही. "या हप्त्यात भरशील. पुढच्या हप्त्यात? दुकान असं चालत नाही, बाबू."

तिने मापाच्या कडेवरचं तेल बोटाने निपटून पिप्यात सोडलं, माप पिप्यावर पालथं घातलं आणि हात लुगड्याला पुसला.

"हा एक बुधवार झाला," ती म्हणाली.